रुंदी सक्तीची नसली की पान मोबाइलवर मावते

नवशिक्याने केलेले वेबपान संगणकावर नीटनेटके दिसते आणि मोबाइलवर उघडताच त्याची अक्षरे मुंगीएवढी होतात, किंवा प्रत्येक ओळ वाचण्यासाठी पान उजवीकडे सरकवावे लागते. छत्रपती संभाजीनगरात मी ज्या मुलामुलींना वेबपाने करायला शिकवतो, त्यांच्यापैकी अनेकांना वाटते की मोबाइलसाठी वेगळे, अवघड असे काही शिकावे लागेल. माझे मत याच्या नेमके उलट आहे. साधे एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा मजकूर ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती, मुळातच लवचीक असते. परिच्छेद मिळेल तेवढ्या रुंदीत आपोआप बसतो. ही लवचीकता जाते ती आपण जागोजागी पिक्सेलमध्ये (पडद्यावरील ठिपक्यांच्या मापात) ठरावीक रुंदी लिहितो म्हणून.

कन्नडहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीचे वेरूळच्या लेण्यांवरील पान याचे चांगले उदाहरण आहे. संपूर्ण पानाची रुंदी १२०० पिक्सेल, डावीकडे ३०० पिक्सेलचा मेनू, उजवीकडे ९०० पिक्सेलचा मजकूर, कैलास लेण्याचे मूळ आकारातले छायाचित्र आणि खाली ३४ लेण्यांचा तक्ता अशी त्याची मांडणी होती. मजकूर तिने मनापासून लिहिला होता. पण ज्याला त्याची सर्वाधिक गरज, तो वाचक लेण्यासमोर उन्हात मोबाइल धरून उभा असणार.

सुरुवात व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगपासून करावी, म्हणजे पान किती रुंदीत मांडायचे हे ब्राउझरला सांगणाऱ्या एका ओळीपासून. तो नसेल, तर मोबाइलचा ब्राउझर पान आधी सुमारे ९८० पिक्सेल रुंदीच्या कल्पित पडद्यावर मांडतो आणि मग ते आकसून दाखवतो. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बहुतेक संकेतस्थळे संगणकासाठीच केलेली असल्यामुळे ही सोय योग्यच होती. एचटीएमएल फाइलच्या सुरुवातीच्या हेड विभागात व्ह्यूपोर्टची रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि ‘इनिशियल-स्केल’ १ असे लिहिले, की हे आकसणे थांबते. बोटांनी पान मोठे करण्याची सोय मात्र बंद करू नये. चाळिशी ओलांडलेल्या वाचकाला ती लागते.

हा टॅग घातल्यावर पान बहुधा आधीपेक्षा वाईट दिसते, आणि इथेच अनेक जण घाबरून तो काढून टाकतात. तो तसाच ठेवावा. अक्षरे आता योग्य आकाराची झालेली असतात. पडद्याबाहेर जाते ते आपण सक्तीने रुंद केलेले चौकट-खोके, आणि दुरुस्ती कुठे करायची हे त्यावरूनच कळते.

मग सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांत) ‘विड्थ’ला, म्हणजे रुंदीला, १२०० पिक्सेल दिलेले असतील तिथे ‘मॅक्स-विड्थ’ लिहावे, म्हणजे पान त्याहून मोठे होणार नाही, पण लहान होऊ शकेल. चित्रांना ‘मॅक्स-विड्थ’ १०० टक्के आणि ‘हाइट’ ऑटो द्यावी. याने चित्र पडद्यात मावते, मात्र त्याची फाइल तेवढीच जड राहते. म्हणून काही एमबींचे छायाचित्र चढवण्यापूर्वीच लहान करावे.

दोन स्तंभांचा प्रश्न उलट बाजूने सोडवावा. आधी सारे एकाखाली एक येऊ द्यावे आणि पुरेशी रुंदी मिळाल्यावरच, ‘मिन-विड्थ’ची मीडिया क्वेरी (पडदा किमान इतका रुंद असेल तरच लागू होणारा सीएसएस नियम) लिहून, फ्लेक्स या घटक शेजारी-शेजारी मांडणाऱ्या सीएसएसच्या सोयीने दोन स्तंभ करावेत. ती रुंदी कोणत्या फोनच्या मापावरून ठरवू नये. ब्राउझरची खिडकी हळूहळू रुंद करत जावी. ओळी वाचायला लांब वाटू लागतील तिथे स्तंभ पाडावेत. वेब डिझायनर इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची, म्हणजे पडद्यानुसार मांडणी बदलणाऱ्या पानाची, संकल्पना मांडली, तेव्हा लवचीक ग्रिड (स्तंभांची चौकट), लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी असे तीन घटक सांगितले होते. त्यांतले दोन लवचीकतेचेच आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते.

सर्वांत चिवट असतो तो तक्ता. त्याचा रकाना त्यातील सर्वांत लांब शब्दापेक्षा सहसा अरुंद होत नाही, आणि मराठीत प्रत्यय व समास यांमुळे शब्द लांबतात. ‘रावणानुग्रहमूर्ती’ हा एकच शब्द मोबाइलचा मोठा भाग अडवतो. तक्त्याला वेगळ्या खोक्यात घालून त्या खोक्याला ‘ओव्हरफ्लो-एक्स’ ऑटो दिले, तर केवळ तक्ता आडवा सरकतो, पान स्थिर राहते. या पानासाठी मात्र मी तक्ताच मोडायला सांगितले. लेणी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन अशी विभागणी आहेच. तीन शीर्षकांखाली तीन याद्या केल्यावर वाचकाला हवे ते लेणे लवकर सापडू लागले.

देवनागरीसाठी ओळींमधील अंतरही सांभाळावे. वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ‘लाइन-हाइट’ १.६ च्या आसपास ठेवावी, आणि जागा वाचवण्यासाठी मुख्य मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान करू नये.

एवढे करूनही पान आडवे सरकत असेल, तर सर्व घटकांना तात्पुरती लाल ‘आउटलाइन’ द्यावी आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पान तपासण्यासाठी ब्राउझरमध्येच असलेल्या साधनांत) रुंदी ३२० पिक्सेलपर्यंत कमी करत जावे. ज्या घटकाची लाल रेघ पडद्याबाहेर जाते, त्याच्या नियमांत बहुधा पिक्सेलमधली एखादी रुंदी राहून गेलेली सापडते.