अंदमान लिस्ट: दक्षिण अंदमानचा हिशेब

एंडेमिक, म्हणजे फक्त इथेच आढळणाऱ्या पक्ष्यांची माझी यादी या फेरीत बरीच पुढे सरकली. हॅवलॉक, नील ही पर्यटकांची बेटं सरळ गाळली आणि मुक्काम दक्षिण अंदमानच्या टोकाशी, चिडिया टापूच्या बाजूला ठेवला. समुद्र बघायचा तर तो कुठूनही दिसतोच.

दिवसाचं काम तसं सोपं. अंदमान टकाचोर, अंदमान कोतवाल आणि शामा फार न शोधता मिळाले. अंदमान सुतार आधी ऐकू आला, मग दिसला: अख्खा काळा, तुरा तेवढा लालभडक. इथला भारद्वाज बघून मात्र चक्रावायला होतं. आपल्या भारद्वाजाचं डोकं आणि छाती काळीकुळकुळीत, हा डोक्यापासून पोटापर्यंत फिकट खाकी. पंख तेवढे तांबूस. सर्पगरुड इथे दोन आहेत, तेव्हा घाईने यादीत खूण करू नका. किनाऱ्याकडे, खारफुटीत दिसतो तो बहुधा नेहमीचा, फिकट. आतल्या जंगलातला गडद चॉकलेटी तो एंडेमिक.

अंदमान बदकासाठी पोर्ट ब्लेअरजवळचं सिप्पीघाट. २००४ च्या त्सुनामीत इथली जमीन खचली, भातशेतात खारं पाणी शिरलं आणि पाणथळ तयार झाली. बुडालेल्या शेतांत ही बदकं आरामात बसलेली असतात. डोळ्याभोवतीचं पांढरं कडं स्कोपमधून सुरेख दिसतं.

खरी कमाई रात्रीची. हिवाळ्यात पाच-सव्वापाचच्या आगेमागे सूर्य मावळतो, त्यामुळे जेवणाआधीच घुबडांची एक फेरी होते. इथली दोन्ही हॉक-आउल (ससाण्यासारखी दिसणारी घुबडं) मिळाली. ह्यूमचं खालून जवळजवळ सपाट गडद तपकिरी, अंदमानचं छातीवर तांबूस रेघांचं. टॉर्च फांदीवर मारा, डोळ्यांवर नको. प्लेबॅक, म्हणजे पक्ष्याला बोलवायला त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज, मी वापरलाच नाही. रोज कोणी ना कोणी तिथे येऊन तेच वाजवत असतं, पक्ष्यांनी किती वेळा फसायचं?

जंगलात चितळ भरपूर दिसले. फोटोला छान, पण ते ब्रिटिशांनी आणून सोडलेले. त्यांना खाणारं मोठं जनावर इथे नाही, मग खालची झुडपं आणि रोपं त्यांच्या पोटात जातात. जमिनीलगत वावरणाऱ्या पक्ष्यांचा आडोसा त्यात जातो.

बाकी राहिले: अंदमान फटाकडी (फक्त आवाज, मी तो मोजत नाही) आणि तिथलं गव्हाणी घुबड. नारकोंडमचा धनेश यादीत धरलेलाच नाही. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं ते बेट पर्यटकांना खुलं नाही, आणि तसंच राहू दे. पुढच्या वेळी पहाटेचा सगळा वेळ फटाकडीला, ओढ्याकाठी एका जागी बसून.