बास ऐकत मेम्फिस ते मसल शोल्स

सोल या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचे शौकीन ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन, अल ग्रीन ही नावं झोपेतही सांगतील. त्यांच्यामागे वाजवणारे कोण, असं विचारलं की गाडी अडते. आमची ही सहल मुद्दाम त्या वादकांसाठी होती. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला उतरायचं, तिथली स्टुडिओंची ठिकाणं बघायची आणि मग गाडीनं अलाबामातल्या मसल शोल्सला जायचं. अंतर साधारण २४० किलोमीटर, वेळ अडीच-तीन तास. भाड्याची गाडी विमानतळावरच घ्या. या भागात गाडीशिवाय फिरणं जवळपास अशक्य आहे.

मेम्फिसमध्ये सुरुवात करा ती ९२६ ईस्ट मॅकलमोर अव्हेन्यूपासून. हे स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचं म्युझियम. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली गेली. आज उभी आहे ती त्याच जागेवर पुन्हा बांधलेली, २००३ मध्ये उघडलेली वास्तू. नकलेत काय बघायचं, अशी शंका माझ्याही मनात होती, पण स्टुडिओच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ती गेली, कारण पायाखालची जमीन उतरती आहे. स्टॅक्स हे मुळात सिनेमागृह होतं. खुर्च्या काढल्या तरी उतार तसाच ठेवला, आणि पुन्हा बांधतानाही तो जपला. मोठी खोली, वाकडीतिकडी मापं, पडद्याच्या जागी मंचावर कंट्रोल रूम. स्टॅक्सच्या रेकॉर्डवरचा तो भरदार, थोडा खरखरीत आवाज या खोलीतूनच आला. खाऊच्या स्टॉलच्या जागी एस्टेल ॲक्स्टन रेकॉर्डचं दुकान चालवायच्या. नवं गाणं तिथं वाजवायचं आणि गिऱ्हाईक माना डोलावतात का ते बघायचं, ही त्यांची परीक्षा.

इथली घरची वादकमंडळी म्हणजे बुकर टी. अँड द एमजीज. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, ड्रम्सवर अल जॅक्सन ज्युनियर, बास गिटारवर आधी लुई स्टाइनबर्ग आणि नंतर डोनाल्ड ‘डक’ डन. त्यांचा ठेका कानात बसवायचा असेल तर विल्सन पिकेटचं ‘इन द मिडनाइट अवर’ ऐकून जा. १९६५ मध्ये याच पत्त्यावर ध्वनिमुद्रित झालं. निर्माते जेरी वेक्सलर यांनी स्टुडिओतच तेव्हाचा नवा नाच करून दाखवला आणि जोर दुसऱ्या मात्रेवर कसा हवा ते सांगितलं. त्यातून जॅक्सन आणि क्रॉपर दुसरी व चौथी मात्रा किंचित उशिरा टाकू लागले. केसभरच उशीर, पण सगळं गाणं मागे रेलून चालल्यासारखं वाटतं. हे कानाला एकदा कळलं की स्टॅक्सचं कुठलंही गाणं पूर्वीसारखं ऐकू येत नाही.

दुपार लोरेन मोटेलसाठी ठेवा. ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती इथेच. आता इथे नागरी हक्कांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. पण त्याआधी हेच मोटेल स्टॅक्सच्या मंडळींचा अड्डा होतं. डन आल्यावर एमजीजमध्ये दोघे कृष्णवर्णीय, दोघे गोरे. त्या काळच्या मेम्फिसमध्ये त्यांनी एकत्र बसावं अशा जागा फार थोड्या होत्या. १९६६ मध्ये एडी फ्लॉइड आणि क्रॉपर यांनी वादळी रात्री ‘नॉक ऑन वुड’ लिहिलं ते इथल्याच खोलीत. इथे घाई करू नका. आणि दोन्ही संग्रहालयांचे सुट्टीचे वार आधी बघून घ्या, नाहीतर एकासाठी मुक्काम वाढवावा लागेल.

विली मिचेल बुलेव्हार्डवरचा रॉयल स्टुडिओ हाही जुन्या सिनेमागृहातला. अल ग्रीनची १९७०च्या दशकातली गाणी इथली. त्यांच्यामागे हॉजेस बंधू : गिटारवर टीनी, बासवर लिरॉय, ऑर्गनवर चार्ल्स. हा आजही चालू असलेला स्टुडिओ आहे, म्युझियम नाही. परवानगी न घेता आत डोकावू नका. आम्ही बाहेरूनच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यूएस ७२ हा रस्ता धरा. मिसिसिपीच्या उत्तर टोकातून, कॉरिंथवरून तो अलाबामात जातो. रस्ता सोपा आणि जरा कंटाळवाणा आहे, म्हणून गाडीत ऐकायची यादी आधीच तयार ठेवा. मी सुचवीन : प्रत्येक गाणं दोनदा लावा. पहिल्यांदा गाणं ऐका, दुसऱ्यांदा फक्त बास. गाडीतल्या सगळ्यांनी हे केलं तर पोहोचेपर्यंत वाद घालायला भरपूर विषय मिळतात.

मसल शोल्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि फ्लॉरेन्स ही टेनेसी नदीकाठची चार लहान गावं एकमेकांना खेटून आहेत. मुक्काम फ्लॉरेन्सला करावा. खाण्याची सोय तिथे बरी आहे. शाकाहारी मंडळींनी मात्र प्रत्येक पदार्थाची चौकशी करावी, कारण दक्षिणेत पालेभाजी आणि घेवडाही बऱ्याचदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात.

फेम स्टुडिओ ईस्ट ॲव्हलॉन अव्हेन्यूवर आहे. रिक हॉल यांचा. जानेवारी १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन इथे आल्या. ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ कसं सुरू करावं हे कुणाला सुचेना, तेवढ्यात स्पूनर ओल्डहॅम यांना वुर्लिट्झर या इलेक्ट्रिक पियानोवर ती लचकती सुरावट सापडली. बाकीचे तिच्यामागे गेले आणि गाणं उभं राहिलं. त्याच दिवशी भांडण झालं आणि अरीथा निघून गेल्या, पण पुढच्या ध्वनिमुद्रणासाठी इथल्या वादकांना न्यूयॉर्कला बोलावून घेण्यात आलं. ‘रिस्पेक्ट’मध्ये वाजवणारे हेच. इथे रेकॉर्डिंग आजही चालतं, त्यामुळे बघण्याच्या वेळा बदलतात. आदल्या दिवशी फोन करा.

आणि मग ३६१४ जॅक्सन हायवे, शेफील्ड. बाहेरून एखादं गोदाम वाटेल अशी बुटकी इमारत. १९६९ मध्ये फेममधले चार वादक बाहेर पडले आणि वेक्सलर यांच्या मदतीनं त्यांनी इथे स्वतःचा स्टुडिओ उघडला : गिटारवर जिमी जॉन्सन, ड्रम्सवर रॉजर हॉकिन्स, बासवर डेव्हिड हूड, कीबोर्डवर बॅरी बेकेट. हेच ते ‘स्वॉम्पर्स’. दुसऱ्यांसाठी वाजवणारी माणसं स्टुडिओची मालक झाली, हे मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचं वाटतं. त्याच वर्षी डिसेंबरात रोलिंग स्टोन्स इथे येऊन गेले. फिरवणारे बहुतेक वेळ त्यांच्याबद्दलच बोलतात. तुम्ही बास आणि ड्रम्सबद्दल विचारा, की त्यांचाही चेहरा खुलतो.

इथे जायच्या आधी ‘आय’ल टेक यू देअर’ नक्की ऐका. १९७२, स्टेपल सिंगर्स. लेबल मेम्फिसच्या स्टॅक्सचं, वादन इथलं. गाण्याच्या मधल्या भागात सगळे बाजूला होतात, बास पुढे येतो आणि मेव्हिस स्टेपल्स डेव्हिडला नावानं हाक मारतात. गायक पॉल सायमन यांनी हे ऐकलं, वादक जमैकाचे असावेत असं समजून त्यांची चौकशी केली. वादक अलाबामाचे गोरे आहेत असं कळलं, तरी सायमन आले आणि ‘कोडाक्रोम’ इथे ध्वनिमुद्रित झालं.

त्या खोलीत मला आपल्या हिंदी चित्रपटसंगीतातले गोवेकर आठवत राहिले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट. पडद्यावर संगीतकाराचं नाव ठसठशीत, वाद्यवृंद बांधणाऱ्यांचं बहुतेकदा नाहीच. आपल्याकडे त्यांच्या तालमीच्या खोल्या अशा जपल्या असत्या तर मी तिकीट काढून रांगेत उभी राहिले असते.

टस्कंबियातलं अलाबामा म्युझिक हॉल ऑफ फेम वेळ असेल तरच करा. हेलन केलर यांचं जन्मघर त्याच गावात आहे, मुलं बरोबर असतील तर ते जास्त आवडेल. परतीचं विमान नॅशव्हिलहून घेतलं तर नॅचेझ ट्रेस पार्कवेवरून जाता येतं. मालट्रक नाहीत, दोन्ही बाजूंना झाडी, पण वेगमर्यादा कमी, म्हणून तासभर जास्त धरा. उन्हाळ्यात इथला दमटपणा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतो. ऑक्टोबर उत्तम.

डिस्कोचा ठेका शोधणाऱ्यांना मात्र फिलाडेल्फियाला जावं लागेल. तिथला सिग्मा साउंड स्टुडिओ (आता तो बंद झाला आहे), अर्ल यंग यांचे ड्रम्स, १९७३ चं ‘द लव्ह आय लॉस्ट’ आणि त्यातली ती सतत सळसळणारी हाय-हॅट, म्हणजे ड्रम्समधली झांजांची जोडी. ती सहल वेगळी काढा, या सहलीला जोडू नका.