चौदा दिवसांची मुदत

मुदत मोजायची ती पासपोर्टवरच्या शिक्क्यापासून. विद्यार्थी सोलापूर स्टेशनवर उतरतो त्या दिवसापासून नव्हे. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा घेऊन शिकायला आलेल्या परदेशी मुलामुलींनी भारतात आल्यापासून १४ दिवसांत आपली नोंदणी करायची असते, आणि विमानतळावर शिक्का पडला की पहिला दिवस सुरू होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये हे मला कळलं ते एक सुदानी विद्यार्थिनी सोलापुरात आल्यावर. तोवर तिचे तीन दिवस मुंबईत ओळखीच्यांकडे गेले होते.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. माहेर अक्कलकोटचं, घरात कानडी आणि मराठी दोन्ही, आता मुक्काम जुळे सोलापूरला. एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंनी विचारलं, की बाहेरदेशातून दोन विद्यार्थी येणार आहेत, त्यांच्यासोबत सुरुवातीचे काही दिवस राहील असं कुणीतरी हवंय, तुम्ही कराल का? मी लगेच हो म्हटलं. अर्ज भरणं हे काम मला येतं आणि आवडतंही. काउंटरच्या पलीकडे फॉर्म हातात घेऊन गोंधळलेला माणूस कसा उभा असतो, ते मी आयुष्यभर बघत आले आहे.

मुलगी सुदानची, घर खार्तुमचं. १५ एप्रिल २०२३ ला तिथं लढाई पेटली आणि तिचं कुटुंब कैरोला गेलं. मुलगा इथिओपियाचा, अदिस अबाबाहून थेट मुंबईला येणार होता. आधी मेलवरून बोलणं सुरू केलं. मुलाला मी पिवळ्या तापाच्या लसीचं विचारलं ते नशीब. त्यानं लस घेतली होती, पण पाचच दिवसांपूर्वी, आणि तिकीट दोन दिवसांवर. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो दाखला ग्राह्य धरतात. ग्राह्य दाखल्याशिवाय उतरलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. त्यानं तिकीट पुढं ढकललं. म्हणून मुलगी आधी आली आणि तो मागून.

तेव्हा सोलापूरला विमान नव्हतं. ती मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं आली, रविवारी सकाळी. स्टेशनवर महाविद्यालयाची माणसं गुच्छ आणि बॅनर घेऊन आली होती. तिच्या दोन्ही हातांत बॅगा, पाठीवर तिसरी, डोळे रात्रभर जागलेले, आणि तिला म्हणत होते इकडे बघ, तिकडे बघ. गुच्छ धरायला तिला हात मोकळा नव्हता. मी तिच्या हातातली एक बॅग घेतली. दहा मिनिटांत फोटो झाले, माणसं रविवारच्या आपापल्या कामाला गेली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण तिला त्या वेळी न्हाणीघर, गरम पाणी आणि आईला फोन एवढंच हवं होतं, आणि ते कुणी विचारलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

मुलींच्या वसतिगृहात खोली गणपतीनंतर मिळणार होती. तोवर कॉट बेसिसवर एक जागा फोनवर ठरली होती. आम्ही रिक्षानं तिथं गेलो. घरमालकानं दार उघडलं आणि मुलीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी विसरणार नाही. तरी मी शांतपणे सांगितलं, की परदेशी पाहुणा राहायला आला की घरमालकानं २४ तासांत ऑनलाइन फॉर्म सी भरायचा असतो, मी बसून भरून देते. ते म्हणाले, "पोलिसांचं लफडं नको ओ आपल्याला." त्यांच्या बायकोनं आत बोलावून चहा दिला, डोळे खाली घालून. मुलीला मराठी येत नव्हतं, पण सगळं कळलं होतं. चहा पिऊन तिनं स्वतःच बॅग उचलली.

मी तिला घरी आणलं. यांना फोन करून एवढंच सांगितलं, की मागच्या खोलीतले गहू हलवा.

आता घरमालकीण मीच. म्हणजे फॉर्म सी मी भरायचा. त्यासाठी आधी पोर्टलवर घर देणारी म्हणून स्वतःची नोंद करावी लागते, माझं आधार, विजेचं बिल, सगळं चढवून. ती नोंद मंजूर झाल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही, आणि रविवार होता. मी हातानं एक अर्ज लिहिला, की अमुक देशाची विद्यार्थिनी अमुक वेळेपासून माझ्याकडे राहत आहे, जवळच्या पोलीस चौकीत नेऊन दिला आणि पोच घेतली. बँकेत एक गोष्ट अंगात मुरलेली, की पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही. सोमवारी सकाळी पोलीस आयुक्तालयात परदेशी नागरिकांचं काम बघतात तिथं गेले. तिथल्या महिला हवालदारांनी ती पोच बघितली, माझी नोंद मार्गी लावली आणि मुलीला विचारलं, "जेवलीस का गं?" हिंदीत विचारलं, मुलीनं मान हलवली. त्या ऑफिसातून बाहेर पडताना मुलगी पहिल्यांदा हसली.

खरं अडलं ते नावाशी. सुदानमध्ये आडनाव नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं, अशी चार नावं पासपोर्टवर ओळीनं असतात. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही सवय, त्यामुळे महाविद्यालयातल्या क्लार्कनं बोनाफाईडवर पहिलं नाव आणि शेवटचं नाव एवढंच घातलं. पणजोबा आडनाव होऊन बसले. व्हिसावर चारही नावं. ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवरून अर्ज परत आला, नावात तफावत म्हणून. मी क्लार्ककडे गेले. "मग आडनाव काय लिहू?" ते विचारत होते, आणि मी म्हणत होते, "आडनाव नाहीच, ओ." शेवटी मी पासपोर्टची झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, हे चित्र आहे असं समजा आणि जसंच्या तसं उतरवा. पुढं कुणाला हे काम करायचं असेल तर माझं सांगणं एवढंच, की महाविद्यालयाचा पहिला कागद छापण्याआधी नाव पासपोर्टवरून अक्षर अन् अक्षर ताडून घ्या. बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही चूक प्रत्येक कागदावर पुढं पुढं चालत राहते.

बँकेचं काम मात्र मी हक्कानं केलं. काउंटरवरचा तरुण अधिकारी म्हणाला, इथल्या पत्त्याचा पुरावा नसेल तर खातं निघणार नाही. मी त्याला बाजूला बसवून समजावलं. परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ खातं, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयांतलं खातं, पासपोर्ट, व्हिसा, शिक्का, फोटो, मायदेशातल्या पत्त्याचा पुरावा आणि प्रवेशाचं पत्र यांवर उघडता येतं. इथला पत्ता ३० दिवसांत द्यायचा असतो. तोवर बाहेरून १,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही आणि महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंतच काढता येतात. ही सोय रिझर्व्ह बँकेनं मुलांसाठीच ठेवली आहे. तो पोरगा चांगला होता, परिपत्रक उघडून वाचलं आणि फॉर्म दिला.

त्याच दिवशी एक गोष्ट घडली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. फॉर्म भरताना मी यांना फोनवर म्हणत होते, "तारीख टाकली, रक्कम टाकली, आता मुदत..." मुलगी एकदम माझ्याकडे बघायला लागली. तिला तारीख कळली. मुदत कळली, अरबीत मुद्दा म्हणजे कालावधी. रक्कम म्हणजे त्यांच्याकडे आकडा. मग आम्ही तिथंच बाकावर बसून शोधत राहिलो. खुर्ची, साबण, दुकान, हिशेब, वकील. बँकेत इतकी वर्षं मी ज्या शब्दांवर जगले, ते निम्मे तिच्या घरचे निघाले. घरी जाताना तिनं विचारलं, तुम्हाला काय म्हणू? मी म्हटलं, मावशी म्हण, म्हणजे आईची बहीण. ती म्हणाली, "खाला!" माझ्या मुस्लिम मैत्रिणीची मुलं मला लहानपणापासून खालाच म्हणतात. त्या दिवसापासून घरात मी खाला.

पाण्याचं मात्र तिला समजावणं जड गेलं. तेव्हा सोलापुरात नळाला रोज पाणी येत नव्हतं, चार-पाच दिवसांआड यायचं, हे नव्या माणसाला खरंच वाटायचं नाही. त्या वर्षीचा ऑगस्ट तर कोरडा गेला होता. संपूर्ण देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. पाणी आलं त्या पहाटे मी तिला उठवलं, आम्ही दोघींनी पिंप, हंडे, कळशा भरल्या. ती न कुरकुरता भरत होती. नंतर म्हणाली, खार्तुम सोडण्याआधी घरात सात दिवस पाणी नव्हतं. मी काही बोलले नाही. तिच्या हातातली कळशी घेऊन मी पुढचं भरत राहिले.

तिला आमच्याकडचं जेवण जाईना. भात आणि दही एवढंच. मी मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी थापायला बसले, तशी ती पिठाशी येऊन बसली, चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "दुरा." ज्वारी. मुळात ज्वारी ईशान्य आफ्रिकेतली, तिथून आपल्याकडे आली हे मी वाचलं होतं, पण ती आपल्या गावाचं धान्य हातात ओळखत होती ते बघणं वेगळं. तिनं पीठ पातळ कालवून झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आंबलं. तिच्या घरी खजुराच्या पानाच्या पट्टीनं तव्यावर पसरतात, इथं तिनं माझ्या उलथन्यानं पसरलं. कागदासारखी पातळ किसरा निघाली, आंबोळीच्या जवळची, पण तरी वेगळी. भेंडीच्या रश्शाबरोबर तिनं चार खाल्ल्या. आमचे हे कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर वाढलेले. त्यांनी दोन खाल्ल्या आणि पीठ संपलं का म्हणून विचारलं.

मुदतीच्या दोन दिवस आधी मेलवर तिच्या नोंदणीचा दाखला आला. मी प्रिंट काढून तीन प्रती केल्या, एक तिच्या पाकिटात, एक महाविद्यालयात, एक माझ्या फायलीत.

दरम्यान मुलगा आला. त्याला मुलांच्या वसतिगृहात खोली होती आणि माझ्याकडे आता सगळे कागद क्रमानं लावलेले होते, त्यामुळे त्याचं काम सरळ झालं. नाव पासपोर्टवरून उतरवून घेतलं, सिमकार्डच्या दुकानात स्थानिक ओळख म्हणून माझा नंबर दिला, चार दिवसांत अर्ज गेला. स्टेशनवरून त्याला आणताना वाटेत भैय्या चौक लागतो. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. मी रिक्षा थांबवली आणि सांगितलं, की या गावचा हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला, तिथली भाषा शिकला, १९४२ मध्ये तिथंच गेला. तेव्हा त्यांचं वय फक्त ३२ होतं. मुलानं विचारलं, "तिथं त्यांना भाषा कुणी शिकवली?" इतकी वर्षं मी त्या चौकातून जाते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

१२ सप्टेंबरला इथिओपियाचं नवं वर्ष होतं. आदल्या रात्री त्यानं फोन केला, "उद्या एक वाजता येतो." मी पुरणाची डाळ भिजत घातली, दुपारच्या जेवणाचा बेत धरून. सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात तो, हातात पिवळी शेवंती. त्यांच्याकडे नव्या वर्षाला पिवळी फुलं देतात. बोलण्याच्या नादात तो आपल्या घरच्या घड्याळानं बोलून गेला होता. तिकडं तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तो ओशाळून माफी मागायला लागला. माझी आजी अक्कलकोटात घड्याळ न बघता सांगायची, दिवस कासराभर वर आला. मला ते नीट समजलं, आणि त्याला म्हटलं, तू अगदी वेळेवर आलास.

त्यानं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलनं २०१६ लिहिलं. त्यांचं ते साल त्या दिवशी लागलं होतं. पुरण शिजायला अजून अवकाश होता. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली, झाकून ठेवलेलं पीठ ढवळलं आणि तवा ठेवला.