दाजीपूरचे गवे आणि परतीचा फोंडा रस्ता

आमच्या घरी गवा हा विषय दोन वर्षं फक्त चर्चेत होता. डिसेंबर २०२१ मध्ये पंचगंगेच्या काठावर गवा आला तेव्हा अर्धं कोल्हापूर बघायला धावलं, मी नाही गेलो. आदल्याच वर्षी पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा गर्दीनं पळवून पळवून दमला आणि मेला, ते डोक्यात होतं. म्हटलं, बघायचा तर त्याच्या घरी जाऊनच.

एप्रिलच्या एका शनिवारी राधानगरीत मुक्काम केला. गव्यांचं अभयारण्य असलेलं दाजीपूर कोल्हापूरहून ८० किलोमीटरच्या आसपास. पहाटे थेट निघालात तरी चालतं, पण मग झोपेत जंगल बघाल. गेट उघडताच आत शिरा, कारण नऊनंतर गवे सावलीत बसतात आणि मग दिसतात ते फक्त शेणाचे पो. आतला रस्ता दगडाळ आहे, आपली छोटी गाडी बाहेर ठेवून गेटवर जीप करा, गाईड घ्याच. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेव्हा निघण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा. रंगीत शर्ट नकोत, अत्तर तर नकोच. गव्याची नजर बेताची, पण नाक भलतंच तिखट.

सावराई सड्याकडे (सडा म्हणजे खडकाळ पठार) जाताना गाईडनं जीप थांबवली. मला काहीच दिसेना. मग करवीच्या झुडपामागचा एक खडक हलला. एकामागून एक अकरा मोजले. गाया तपकिरी, नर काळाकुळकुळीत, गुडघ्याखाली सगळ्यांचे पाय पांढरे, मध्ये एक तांबूस वासरू. मोठा नर टनाच्या घरात जातो म्हणतात. त्याचं वशिंड बघितल्यावर ते खोटं वाटत नाही.

“ती म्हातारी गाय आपल्याकडं बघालीया,” गाईड कुजबुजला. “ती हलली की सगळी हलणार.”

तेवढ्यात मागून दुसरी जीप आली, आतून गाणी आणि “ए बायसन!” अशी आरोळी. (बायसन नव्हे हो, गवा! इथं बायसन नसतोच. पण ‘दाजीपूर बायसन अभयारण्य’ हे जुनं नाव काही सुटत नाही.) म्हातारीनं एकदा फुस्कारलं आणि अकराचे अकरा क्षणात गायब. एवढं मोठं धूड इतकं बिनआवाज जातं, हे मला अजून पटत नाही.

१९५८ पासून राखलेलं हे जंगल १९८५ मध्ये वाढवलं, आता ३५१ चौरस किलोमीटर आहे. गव्यांना मात्र ती हद्द मान्य नाही. रात्री ते भोगावतीकाठच्या उसात उतरतात, आणि त्याचं नुकसान शेतकरी सोसतो.

आम्ही संध्याकाळी फोंडा घाटापर्यंत चक्कर मारून परतत होतो. वळणावर हेडलाइटमध्ये दोन हिरवे दिवे चमकले. एकटा नर, रस्त्याच्या मधोमध. मी हॉर्नकडे हात नेला, तो बायकोनं धरला. बरं झालं. अंधारात हॉर्न, फ्लॅश, अपर-डिपर काही करू नका. लाइट खाली करा, गाडी जागेवर थांबवा, काच वर. उतरून फोटो तर मुळीच नाही, एकटा नर भरवशाचा नसतो.

सात मिनिटं तो रवंथ करत उभा होता. मागं एसटी येऊन थांबली, ड्रायव्हरनंही हॉर्न दिला नाही. मग गवा उतारानं खाली उसाकडे गेला, आणि एसटीनं आम्हाला आधी ओव्हरटेक केलं.