चोडणला सुकतीच्या वेळी

पक्षी बघायचे तर भल्या पहाटे, एवढ्याच ज्ञानाच्या जोरावर कुडाळहून येऊन पणजीत दादाकडे मुक्काम ठोकला होता. दादा अर्थातच उठला नाही. वहिनी आणि मी रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली. चोडणला उतरलं की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य दोन पावलांवर. अवघं 178 हेक्टरचं, 1988 साली जाहीर झालेलं.

होडीवाल्याने आम्हाला बघूनच मान हलवली. "आतां सुकती. होडी भितर वचना."

ओहोटीचं वेळापत्रक बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. किनाऱ्याकडच्या माणसाने ही चूक करावी! वहिनी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

नाइलाजाने पायवाट धरली. दोन्ही बाजूंना खारफुटी. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली, श्वास घेण्यासाठी. कांदळाची मात्र कमानीसारखी, झाड काठ्या टेकून उभं असावं तशी. आणि मध्ये उघडा पडलेला चिखल, जिवंत. नर खेकडे आपली एकच अगडबंब नांगी हलवत होते, निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, शेपटीवर उसळत होत्या. हे सगळं खायला पक्षी खाली उतरलेले. तुतारी शेपूट नाचवत काठाने फिरत होती. एक पांढरा आणि एक पाटीसारखा काळसर बगळा शेजारी शेजारी उभे. दोन वेगळ्या जाती, असं मी ठासून सांगितलं. वहिनीने मोबाइलवर शोधलं: एकच समुद्री बगळा, दोन रंगांत असतो. पुन्हा गप्प.

काळ्या टोपीचा खंड्या मात्र मीच आधी बघितला, हे नोंदवून ठेवतो. जांभळट निळी पाठ, लाल चोच. कॅमेरा काढेपर्यंत गेला.

साडेनऊनंतर पाणी चढू लागलं. होडीवाल्याने हाक मारली. आत शिरलो तेव्हा चिखल कुठे होता ते कळेना. बगळे झाडांच्या शेंड्यांवर जाऊन बसले होते आणि निवट्या, मासे असूनही, पाण्याला टाळून कांदळाच्या मुळांना वर चिकटल्या होत्या. होडी जवळ गेली की टुपकन उडी.

"पुढच्या वेळी," वहिनी म्हणाली, "सुकतीलाच येऊ. आणि नाश्ता करून."