वाळवी, आणि तीन आठवडे न आलेला प्लंबर

दाराच्या चौकटीवरची मातीची नळी पहिल्यांदा खरवडून काढली तेव्हा वाटलं, मिटलं एकदाचं. चौथ्या दिवशी तिथेच पुन्हा बोटभर नळी हजर. ओलसर, ताजी.

घरात रांगतं बाळ, म्हणून फवारणी नको हे आधीच ठरलं होतं. मग कडुनिंबाचं तेल झालं, मिठाचं पाणी झालं, व्हिनेगर झालं. समोर दिसतात तेवढ्या मरतात, बस. त्या नुसत्या कामकरी. राणी खाली जमिनीत अंडी घालत बसलेली, तिच्यापर्यंत आपलं काहीच पोचत नाही. दोन आठवडे मी हा उद्योग करत होतो, याचा राग अजून जात नाही.

डोक्यात प्रकाश पडला तो त्या नळीमुळेच. वाळवीची कातडी इतकी पातळ की उघड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून हा मातीचा बोगदा. म्हणजे जवळपास कुठेतरी पाणी आहे. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी तो पुढे सरकलेला!

आणि इथे गाडी अडकली. प्लंबर. ‘उद्या येतो’ असं त्याने किती वेळा सांगितलं ते मी मोजणं सोडून दिलं. एकदा आला, बाथरूमच्या भिंतीवर तळहात टेकवला, ‘ही हवेतली ओल आहे’ म्हणाला आणि गेला. मीटरचे फोटो पाठवले तर फोन उचलेना. तिकडे चौकटीवर टकटक केलं की पोकळ आवाज, पेचकस अर्धा इंच आत जायचा. जिने, तुळया असं भार पेलणारं लाकूड असेल तर मात्र माझ्यासारखं थांबू नका, जाणकाराला लगेच दाखवा.

वाट बघताना एकच गोष्ट जमली. खोक्याचा नालीदार पुठ्ठा भिजवून चौकटीच्या पायाशी ठेवायचा, आठवड्याने उचलून साबणाच्या गरम पाण्यात बुडवायचा. पहिला पुठ्ठा उचलला तर आत नुसती वळवळ. घाण वाटली, पण आसुरी आनंदही झाला. याने वारूळ संपत नाही, गर्दी तेवढी कमी होते.

तीन आठवड्यांनी स्वारी आली. दोन फरश्या फोडल्या, आत एल्बोचा, म्हणजे पाइपच्या वळणाच्या तुकड्याचा, सांधा थेंब थेंब गळत होता. अर्ध्या तासाचं काम!

पुस्तकांचं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय. पोखरलेली जाड फळी उन्हात ठेवून बघितली, पण लाकडाच्या गाभ्यापर्यंत पन्नासेक अंश उष्णता अर्धा तास तरी टिकायला हवी. उन्हाने वरचा थरच तापतो. फेकली शेवटी.

हो, एक राहिलंच: नळी सगळी पाडू नका. मधला तुकडाच तोडा. भरून निघाली तर वाळवी जिवंत आहे. माझी गेले पाच महिने तुटलेलीच आहे, बोट लावलं की भुगा होतो. तरी रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी आधी तिथेच जातो.