नाव कमी करताना

डेबियन या लिनक्स प्रणालीतलं एका देवनागरी फॉन्टचं पॅकेज मी सांभाळायला घेतोय. आज काम एवढंच होतं: त्याच्या 'कंट्रोल' फाइलमध्ये 'मेंटेनर', म्हणजे पॅकेज सांभाळणारा, यापुढचं आधीच्या मेंटेनरांचं नाव काढून तिथे माझं घालायचं. एक ओळ. संध्याकाळी सातला बसलो, एक वाजून गेला तरी हात चालत नाही.

बाकी सगळं झालंय. पॅकेज बांधायचं साधन, डेबहेल्पर, ९ वरून १३ वर आणलं, फॉन्टची नवी आवृत्ती आली का ते बघणारी, बंद पडलेली 'वॉच' फाइल चालू केली. पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या लिंटियनची एकही तक्रार नाही. पॅकेजच्या बगचं शीर्षक 'ओ'चं (ऑर्फन्ड) 'आयटीए' (इंटेंट टू अडॉप्ट) केलं, म्हणजे अनाथ पॅकेज मी दत्तक घेतोय. इंग्रजीत हे शब्द रोज वाचतो, काही वाटत नाही. मराठीत लिहिले आणि जड झाले.

चेंजलॉग, म्हणजे पॅकेजमधल्या बदलांची नोंदवही, मुळापासून वाचायला नको होता. प्रत्येक नोंदीखाली नाव, तारीख, वेळ. २००९ च्या नोंदी रात्री एक-दोनच्या, शेवटी +०५३०, म्हणजे भारतातली वेळ. २०१३ पासून +०१००, उन्हाळ्यात +०२००, म्हणजे युरोपातली. देश सोडल्याचं त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही, पण घड्याळानं लिहून ठेवलंय. मग नोंदी विरळ होत जातात. शेवटची २०१६ ची.

आणि तो एक पॅच, त्यांनी फॉन्टात केलेली दुरुस्ती. त्याआधी या फॉन्टात 'दऱ्या'तला र पाय मोडून उभा राहायचा. त्यांनी तो नीट जोडला, ऱ्ह पण. २०१२ साली ताईची लग्नपत्रिका मी याच फॉन्टात केली होती. कार्यस्थळ: कऱ्हाड. ते अक्षर इतकं सहज उमटलं की त्यामागे कुणी रात्र जागवली असेल हे मनातही आलं नाही.

आणि आता त्यांचं नाव मी खोडायचं? मला तर अपलोडचा हक्कही नाही, पॅकेज स्पॉन्सरच्या, म्हणजे तो हक्क असलेल्या डेबियन डेव्हलपरच्या, सहीनं जाणार. इतकी वर्षं नोकरीत जे लिहिलं त्यातलं काहीच माझ्या नावावर नाही. ते असो.

आजोबा गेले तेव्हा फेरफार झाल्यावर बाबा नवा सातबारा घेऊन आले होते. आजोबांचं नाव कंसात. बाबा त्या कंसाकडे किती वेळ बघत होते. तेव्हा मला कळलं नव्हतं. आज ओळ निवडून डिलीटवर बोट ठेवलं आणि तेच आठवलं.

मग 'कॉपीराइट' फाइल उघडली. तिथे 'डेबियन' फोल्डरच्या, म्हणजे पॅकेज बांधायच्या फाइलींच्या, हक्कांपुढे त्यांचं नाव आहे, २००९ ते २०१६. ते काढायचं नसतं. काम त्यांचं, ते त्यांचंच राहतं, माझं नाव त्याखाली जोडायचं. चेंजलॉगच्या जुन्या नोंदी हल्ली पॅकेज बांधताना छाटल्या जातात, सोर्समध्ये तेवढ्या राहतात. ही फाइल मात्र पूर्ण जाते, जिथे जिथे फॉन्ट बसेल त्या प्रत्येक मशीनवर. 'मेंटेनर' म्हणजे आज बग आला तर उत्तर कुणी द्यायचं, एवढंच. ते आता त्यांच्याकडून कशाला मागायचं? त्यांनी दोन ओळींत लिहिलंच होतं की वेळ होत नाही.

एक पंचवीसला ओळ बदलली. नव्या नोंदीखाली वेळ पडली, शेवटी +०५३०.

स्पॉन्सरला उद्या कळवतो. आधी त्यांना मेल लिहिली, मराठीत, आणि पत्रिकेचा फोटो जोडला.